आईची केमो आणि घरातली दोन लहान मुलं

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वय ३३, डाव्या स्तनात गाठ, काखेतल्या एका गाठीतही आजार आहे, पण त्यापुढे कुठे पसरलेला नाही. येत्या गुरुवारी पुण्यात पहिली केमो. दर एकवीस दिवसांनी चार वेळा 'लाल औषध', मग बारा आठवडे दर आठवड्याला दुसरं, त्यानंतर ऑपरेशन आणि रेडिएशन. मुलगी सात वर्षांची, दुसरीत. मुलगा दोन वर्षांचा, रात्री अजून अंगावर पितो. मिस्टरांची कंपनीत शिफ्ट ड्युटी. सासूबाई म्हणतात मुलांना लागण होईल, ताटवाटी वेगळी ठेवा. तुमच्या आई म्हणतात, उपचार संपेपर्यंत दोघांना जुन्नरला आणून सोड. मुलीला काही सांगावं की नाही, हे तुम्हाला कळत नाही. आणि अगदी शेवटी लिहिलंय, 'रोज सकाळी तिच्या दोन वेण्या मीच घालते, ते तरी जमेल का?'

मी अकरा वर्षं केमोच्या वॉर्डात सिस्टर होते आणि गेली सोळा वर्षं त्याच विभागात समुपदेशक आहे. औषधांचे निर्णय तुमच्या डॉक्टरांचेच. मी सांगते ते घराबद्दल.

पहिलं, मुलांना जुन्नरला पाठवू नका. हे मी इतकं ठामपणे सांगते, कारण एकदा मी उलटा सल्ला दिला होता. समुपदेशनात नवी होते. एका बाईला म्हटलं, लेकराला मामाकडे ठेवा, तुम्हाला विश्रांती मिळेल. चार वर्षांचा मुलगा पाच महिने तिकडे राहिला. नंतर मामीने सांगितलं की तो रोज संध्याकाळी आपली पिशवी भरून दारात बसायचा. परत आला तेव्हा आईच्या मांडीवर बसेना. त्याच्या मनाने एकच अर्थ लावला होता: मी खोड्या केल्या म्हणून मला घालवून दिलं. त्या बाईचा आजार बरा झाला, पण त्या मुलाला पुन्हा आईजवळ यायला फार दिवस लागले. ते माझ्या सल्ल्यामुळे झालं, आणि त्यानंतर तो सल्ला मी कुणालाही दिला नाही. लहान मुलं आईचं आजारपण सोसतात. आपल्याला त्यातून बाजूला काढलंय, हे त्यांना सोसत नाही.

म्हणून मुलं तिकडे नेण्याऐवजी तुमच्या आईंनाच इकडे बोलवा. सहा महिने नाही, ठरावीक दिवस. ते दिवस कोणते, हे कळलं तर निम्मा ताण उतरतो.

केमोच्या दिवशी सगळे पाहुणे येतात आणि तेव्हा त्यांची गरजच नसते. उलटी होऊ नये म्हणून स्टेरॉइड दिलेलं असतं, त्यामुळे गुरुवारी-शुक्रवारी बाई हिंडतीफिरती असते. रात्री झोप मात्र लागत नाही आणि मुलांवर उगाच चिडचिड होते. ती चिडचिड बरीचशी औषधाची असते. मुलीला तसंच सांगा: 'आज औषधामुळे मी लवकर रागावतेय, तुझं काही चुकलं नाही.' शनिवारी स्टेरॉइड उतरतं आणि अंगातलं बळ एकदम जातं. शनिवार ते मंगळवार, हे खरे वाईट दिवस. तुमच्या आई शुक्रवारी रात्री याव्यात आणि बुधवारी जाव्यात. मिस्टरांनी शिफ्ट बदलून घ्यायची तर याच दिवसांसाठी. दुसऱ्या आठवड्यात तुम्हाला बरं वाटेल, पण तेव्हाच रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत. लग्न, बारसं, जत्रा तेव्हा टाळा. तिसरा आठवडा तुमचा आणि मुलांचा. वाढदिवस, बागेत जाणं, शाळेचं गॅदरिंग तेव्हा करा. एखादी तारीख फारच महत्त्वाची असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. एक-दोन दिवस पुढेमागे करता येण्यासारखं असेल तर ते करतात. स्वतःच्या मनाने मात्र केमोची तारीख पुढे ढकलू नका.

आमच्याकडे येणाऱ्या एका घरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलगी टिकल्या लावायची. केमोच्या तारखेला लाल, 'आई झोपणार'च्या दिवसांना काळी, तिसऱ्या आठवड्याला हिरवी. कॅलेंडर बघून ती आजीला सांगायची, 'अजून दोन काळ्या राहिल्यात.' सात वर्षांच्या मुलीला 'सहा महिने' समजत नाहीत, दोन काळ्या टिकल्या बरोबर समजतात. तुम्हीही करून बघा.

आता सासूबाईंची भीती. कॅन्सर स्पर्शाने, श्वासाने, एका ताटात जेवल्याने, कशानेही पसरत नाही. मुलांना जवळ घ्या, पापे घ्या, एका अंथरुणात झोपा. हे सासूबाईंना तुम्ही सांगू नका, डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. एकदा त्यांना ओपीडीत बरोबर न्या. सुनेचं बोलणं वाद वाटतो, डॉक्टरांचं तसं वाटत नाही. मात्र त्यांच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे, ती सोडू नका. केमोनंतर साधारण दोन दिवस औषधाचा अंश लघवी, शौच आणि उलटीतून बाहेर पडतो. तेवढे दिवस संडासात दोनदा पाणी सोडा, झाकण असेल तर लावून, आणि छोट्याला तिथे रांगू-खेळू देऊ नका. उलटीचे कपडे हातमोजे घालून वेगळे धुवा. लाल औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नाही. मुलीने पाहिलं तर घाबरेल, म्हणून तिला आधीच सांगून ठेवा.

खरी लागण उलट दिशेने होते, मुलांकडून तुम्हाला. आपल्याकडच्या आयांची एक सवय असते, मुलांच्या ताटातलं उष्टं संपवायची. ती केमो संपेपर्यंत बंद. घरात पाऊल टाकलं की सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे. मुलांना सर्दी-खोकला झाला तर तुम्ही मास्क लावा आणि त्या रात्री त्यांच्याशेजारी दुसरं कुणी झोपा. शाळेतल्या बाईंना विश्वासात घ्या. वर्गात कुणाला कांजिण्या, गोवर आला तर त्यांनी तुम्हाला त्याच दिवशी फोन करावा, आणि तुम्ही त्याच दिवशी डॉक्टरांना. मुलाच्या लशी चालू ठेवा, पण पोलिओच्या थेंबांत जिवंत विषाणू असतो. डोस द्यायच्या आधी मुलांच्या डॉक्टरांना तुमच्या केमोबद्दल सांगा आणि इंजेक्शनची लस देता येईल का ते विचारा.

आणि ताप. या पूर्ण उत्तरातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. डिजिटल थर्मामीटर आजच आणा. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर क्रोसिन घेऊन झोपायचं नाही. डॉक्टरांना फोन करून लगेच निघायचं, मध्यरात्र असली तरी. पेशी कमी असताना आलेला ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो आणि शिरेतून अँटिबायोटिक लवकर सुरू झालं तर तोच ताप आटोक्यात येतो. तुम्ही संगमनेरला, उपचार पुण्यात. म्हणून गावात रात्री दाखल करून घेणारं हॉस्पिटल कोणतं, हे गुरुवारी डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. केमोची फाइल दाराजवळ, गाडीची सोय ठरलेली, आणि 'तेव्हा मुलांजवळ कोण' हेही ठरलेलं. रात्री मुलांना कुणाकडे सोडू, या विचारात सकाळपर्यंत थांबलेल्या आया मी पाहिल्या आहेत. शेजारच्या एखाद्या काकूंना आजच सांगून ठेवा.

मुलीला सांगायचं का? सांगायचं. तिला काहीतरी आधीच कळलंय. तुम्ही लिहिलंय की हल्ली ती तुमचा फोन वाजला की खेळ थांबवते. सात वर्षांच्या मुलांचे कान फार तिखट असतात, आणि जे ऐकू येत नाही ते ती मनाने भरतात. मनाने भरलेलं खऱ्यापेक्षा नेहमी भयंकर असतं. एका पाच वर्षांच्या मुलाने मला कानात सांगितलं होतं, 'मी आईच्या छातीवर उडी मारली ना, म्हणून तिला गाठ झाली.' दोन महिने हे ओझं त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं.

येत्या रविवारी सकाळी सांगा. झोपायच्या वेळी नको, कारण मग ती एकटी अंधारात त्याचा विचार करत पडेल. मिस्टर जवळ हवेत. शब्द साधे: 'माझ्या छातीत एक गाठ झालीय. त्या आजाराचं नाव कॅन्सर. तो जाण्यासाठी दवाखान्यात मला जोराचं औषध देणार आहेत. त्या औषधाने मी काही दिवस खूप दमेन आणि माझे केस गळतील. औषध संपलं की केस परत येतात. हे तू काही केलंस म्हणून झालेलं नाही. आणि माझ्यापासून ते तुला होणार नाही. मी दवाखान्यात असेन तेव्हा तुला शाळेतून बाबा किंवा आजी आणतील.' एवढंच. मग गप्प बसा आणि तिला विचारू द्या. कदाचित ती म्हणेल, 'बरं, मी खेळायला जाऊ?' जाऊ द्या. मुलं हे घोटाघोटाने गिळतात. प्रश्न चार दिवसांनी, आंघोळ करताना येईल.

'कॅन्सर' हा शब्द टाळू नका. 'बाऊ झालाय' म्हटलं तर उद्या तिचा गुडघा खरचटला तरी तिला वाटेल, आपलेही केस जाणार. आणि खरा शब्द शाळेत कुणीतरी सांगेलच, 'माझे आजोबा त्यानेच गेले' असं म्हणत. तो शब्द तिने आधी तुमच्या तोंडून, तुमच्या मांडीजवळ बसून ऐकलेला बरा.

ती विचारेल, 'आई, तू मरणार का?' हा प्रश्न येतोच. 'असं बोलू नये' म्हणून तो दाबू नका, आणि 'देवाशपथ नाही' असंही म्हणू नका. शपथ मुलं लक्षात ठेवतात. तुमचा आजार पसरलेला नाही आणि उपचार बरा करण्यासाठीच आहेत, त्यामुळे तुम्ही खरं तेच सांगू शकता: 'काही माणसं या आजाराने जातात, खूप जण बरे होतात. मी बरी व्हावी म्हणूनच डॉक्टर औषध देतायत. काही वेगळं झालं तर तुला मीच सांगेन.' मुलांना धीर येतो तो या शेवटच्या वाक्याने, कारण मग त्यांना दाराआड कान लावून बसावं लागत नाही.

बोलता बोलता तुम्हाला रडू आलं तर येऊ द्या. 'मला वाईट वाटतंय म्हणून रडतेय, थोड्या वेळाने बरं वाटेल' एवढं सांगा. लपून रडणारी आई मुलांना जास्त घाबरवते.

आणखी एक, यासाठी मला नातेवाइकांपुढे हात जोडावेसे वाटतात. भेटायला आलेली माणसं मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतात, 'आता तूच आईला सांभाळायचं हं, तू शहाणी ना!' हे कुणालाही बोलू देऊ नका. त्या दिवसापासून ती रडत नाही, हट्ट करत नाही, भूक लागली तरी सांगत नाही. सगळे म्हणतात, किती समजूतदार! मला अशाच मुलांची जास्त काळजी वाटते. आदळआपट करणारं मूल आपलं दुःख बाहेर टाकत असतं. तिला एखादं छोटं काम जरूर द्या, पाण्याची बाटली भरून ठेवणं, टिकली लावणं. पण ते विसरली तरी चालेल असं हवं. औषधांच्या वेळा सांभाळणं सात वर्षांच्या मुलीचं काम नाही. सकाळी शाळेच्या वेळेलाच रोज पोट दुखू लागलं, पुन्हा अंथरूण ओलं होऊ लागलं, तर ओरडू नका. तुमच्या केमोच्या विभागातल्या समुपदेशकाकडे घेऊन या.

छोट्याचं दूध गुरुवारच्या आत तोडावं लागेल. केमोची औषधं दुधात उतरतात, इथे तडजोड नाही. हातात थोडेच दिवस आहेत, म्हणून आज रात्रीपासून एकेक वेळ कमी करा. रात्री त्याच्याजवळ बाबांनी झोपावं, तुम्ही दोन-तीन रात्री दुसऱ्या खोलीत. तो रडेल. बाबांच्या कुशीत रडणं म्हणजे टाकून दिल्यासारखं रडणं नाही. कडुनिंबाचा रस, कोरफड, मिरची असलं काही लावायला कुणी सांगेल; बायोप्सी (तपासणीसाठी तुकडा काढणं) झालेल्या जागी तसलं काहीही लावू नका. दूध साठून छाती दाटली तर आराम पडेल इतकंच थोडं काढा, गार पाण्याची पट्टी ठेवा आणि डॉक्टरांना दूध बंद होण्याच्या गोळीबद्दल विचारा. ती जागा दुखायला लागली, लाल झाली तर लगेच दाखवा. त्याला सांगा, 'आईच्या दुधात आता औषध आहे, ते बाळाचं नाही.' आणि दिवसा त्याला आधीपेक्षा जास्त जवळ घ्या. तो दूध मागतो त्यात निम्मं तुमचा वास आणि कुशी असते, ती तुम्ही देऊ शकता. तुम्हाला या तोडण्याचं दुःख होईल. ते दुःख खरं आहे, 'दोन वर्षं पाजलं की' म्हणून त्याला कुणी हलकं करू नये.

पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत केस जातील. त्याआधीच बारीक कापून घ्या. उशीवर पुंजके बघण्यापेक्षा ते बरं. मुलीला बघायचं असेल तर बसू द्या, नको असेल तर आग्रह नको. सासूबाई त्या दिवशी खूप रडतील. त्यांच्या पिढीने मुंडण केलेलं डोकं वेगळ्याच अर्थाने पाहिलेलं असतं, ते त्यांच्या रडण्यामागे असतं. त्यांच्यावर रागावू नका. टिकली लावा, आवडीचा स्कार्फ बांधा. शाळेत जाताना केसांचा टोप हवा की स्कार्फ, हे मुलीला विचारा. मैत्रिणींसमोर तिला उत्तरं द्यावी लागतात.

ऑपरेशनचं आत्ता थोडक्यात सांगते. त्यानंतर साधारण चार ते सहा आठवडे दोन वर्षांच्या मुलाला उचलता येणार नाही. त्याला खुर्चीवर चढून मांडीत यायला आत्तापासूनच शिकवा, म्हणजे तेव्हा 'आई उचलत नाही' असं होणार नाही. रेडिएशन, ज्याला बरेच जण 'शेक' म्हणतात, ते बाहेरून दिलं जातं. मशीन बंद झालं की अंगात काही उरत नाही, घरी येऊन मुलांना खुशाल जवळ घ्या. अपवाद पेट स्कॅन आणि बोन स्कॅनचा, कारण त्यात किरणोत्सारी औषध टोचतात. त्या दिवशी मात्र मुलांना मांडीवर घ्यायचं नाही आणि किती वेळ लांब राहायचं ते स्कॅनवाल्यांना विचारायचं. उपचार चालू असताना दिवस राहता कामा नयेत. हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या चालणार नाहीत, कंडोम किंवा कॉपर-टीबद्दल विचारा.

'मुलीलाही होईल का' हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण रात्री ते मनात येत असणार. तुमचं वय पाहता डॉक्टर जनुकीय तपासणी सुचवतील, ती करून घ्या. बीआरसीए या, स्तनाच्या कॅन्सरशी संबंधित जनुकात दोष निघाला तर तो मुलांमध्ये उतरण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी, मुलगी असो वा मुलगा. पण लहान मुलांची ही तपासणी करत नाहीत. मोठी झाल्यावर ती दोघं स्वतः ठरवतील.

पैशांचंही बोलू, कारण पैशांच्या काळजीनेच घरातली भांडणं पेटतात आणि मुलं ती ऐकतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार आहेत आणि केमो, ऑपरेशन, रेडिएशन त्यात येतं. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन पहिल्या केमोच्या आधीच त्याला भेटा. मंजुरी आधी लागते, झालेला खर्च मागाहून मिळवणं अवघड. एसटी आणि रेल्वेत कर्करुग्णांना तिकिटात सवलत असते, हॉस्पिटलचं प्रमाणपत्र मागून घ्या.

तुमची रात्र. तुम्ही लिहिलंय, सगळे झोपले की रडू येतं, मी नसले तर यांचं काय. एकदा मिस्टरांबरोबर बसून हे पूर्ण बोलून टाका: विमा, बँकेतली वारसनोंद, मुलांना कुणी बघायचं. कागदावर लिहा आणि कागद कपाटात ठेवा. लिहून ठेवलेली भीती रोज रात्री पुन्हा मोजावी लागत नाही. पण दोन आठवडे झोप, भूक गेली, कशातच मन लागेना, किंवा 'मी नसलेलीच बरी' असं वाटू लागलं, तर तो कमकुवतपणा नाही. तोही आजारच आहे आणि त्यावर औषध आहे. डॉक्टरांना सांगा. रात्री-अपरात्री १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

आणि वेण्या. हो, जमेल, बरेच दिवस. लाल औषधाच्या काळ्या टिकलीच्या दिवसांत हात वर धरवणार नाहीत. नंतरच्या बारा आठवड्यांच्या औषधाने बोटांना मुंग्या येऊ शकतात, रिबिनीची गाठ, शर्टाचं बटण, डब्याचं झाकण हातातून सुटू शकतं. (मुंग्या वाढल्या तर डॉक्टरांना सांगा, आणि गॅसवरचं भांडं पकडीशिवाय उचलू नका, चटका कळत नाही.) तेव्हाही सकाळी तिला तुमच्या गुडघ्यांमध्ये बसवायचं, कंगवा तुम्हीच फिरवायचा, भांग तुम्हीच पाडायचा. वेणी आणि रिबीन बाबांनी बांधायची. पहिल्या आठवड्यात एक वेणी जाड आणि एक बारीक होईल, होऊ द्या. मिस्टरांनी याच रविवारी शिकून घ्यावं. गुरुवारी केमो आहे, आणि शुक्रवारी सकाळी शाळा आहेच.